नाव घेणारा

जावई सांगतो, एकदाच लिहा आणि हजारांना पाठवा,
वरचं नाव तेवढं यंत्र बदलतं.
मी मान हलवते. त्याची गाडी टाल्लिनच्या रस्त्याला लागली
की केटली ठेवते, चष्मा पुसते
आणि एकालाच लिहायला बसते.

माझ्याकडे एक शब्द आहे.
लेइब. आमच्याकडचा राईचा काळा, आंबूस पाव.
रोमन लिपीत चार अक्षरं, मग टिंब, मग देशाची दोन.
एल्मारने तो विकत घेतला तेव्हा मी विचारलं होतं,
ठेवणार कुठे, पोटमाळ्यावर?
आता त्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावते
त्याच आठवड्यात शब्दाची फी भरते,
म्हणजे दोन्ही लक्षात राहतं.

नावं ठेवणारे गल्लीत पुष्कळ:
उर्वे म्हातारपणी हवा विकते म्हणे.
ठेवोत.
नाव घेणारा एकच पुरतो.

तर, श्री. हेल्दुर ताम्मिक, बेकरीवाले, व्होरू, यांस.
पहिल्या मसुद्यात 'दुर्मिळ संधी' लिहिलं. खोडलं.
ज्याचे हात पहाटे तीनपासून पिठात
त्याला मी काय संधी शिकवणार.
दुसऱ्यात त्याच्या पावाची स्तुती केली,
पण तो मी खाल्लाच नव्हता.

म्हणून बसने व्होरूला गेले.
रांगेत उभी राहिले, एक पाव घेतला,
काउंटरवरच्या मुलीला काही बोलले नाही.
बाकावर बसून कड मोडली, शहाजिरं दाताखाली आलं.
पिशवीवर त्याचा इंटरनेटचा पत्ता छापलेला:
आडनाव, आडवी रेघ, गाव, आडवी रेघ, बेकरी,
पुन्हा रेघ, आणि शेवटी कुठलं तरी साल.
वाचून संपेपर्यंत माझा अर्धा पाव संपला.

तिसरा मसुदा परतीच्या बसमध्ये, गुडघ्यावर:
पाव चांगला आहे. पत्ता लांब आहे.
माझ्याकडे छोटा आहे, विकायचा आहे.
किंमत फोनवर सांगेन. नको असेल तर तसं कळवा,
पुन्हा त्रास देणार नाही.
खाली शाईची सही. तिकिटावर बगळा.

नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी मीच नंबर फिरवला.

एकतीस वर्षं मी तार्तूच्या एक्स्चेंजवर होते,
कानावर पट्टा, बोटांत दोऱ्या.
याला त्याच्याशी जोडायचं
आणि मध्ये आपण नाहीच असं राहायचं.
आता एका टोकाला मीच. घसा कोरडा पडतो.

"पत्र मिळालं," तो म्हणाला. मागे ट्रे आपटत होते.
"पाव कधीचा खाल्लात?"
मंगळवारचा.
"मंगळवारचा जास्त भाजला गेला होता."
हो, म्हटलं. खालची कड.
तो हसला नाही. पण ट्रे थांबले.
मग किंमत विचारली, आणि मी सांगितली,
एल्मारने डायरीत लिहून ठेवलेली, एक शून्यही न गाळता.

लाइनवर शांतता.

शांतता मला ओळखता येतात, पगार त्याचाच मिळायचा.
एक तुटलेल्या तारेची, तिला तळ नसतो.
एक रिसीव्हर टेबलावर ठेवून निघून गेलेल्या माणसाची,
तिच्यात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.
आणि एक, माणूस पेन्सिल शोधत असतो तेव्हाची.

केटली उकळून आपोआप बंद झाली.
खाली अंगणात कुणीतरी खोऱ्याने बर्फ ओढत होतं,
मी हाताने दुसरा कान झाकला.
घड्याळ नव्हतं.
एक खण उघडल्यासारखा वाटला.